दसऱ्याची वही

जुनी गाडी बघायला गेलेली माणसं बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारतात आणि काही कळलं नाही तरी मान हलवतात. गिरणाऱ्याचा भारत त्यातला नव्हता. तो झेंडू पिकवणारा माणूस. इंजिनातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे तो उघड सांगायचा. म्हणून तो गाडीचा इतिहास विचारायचा. कधी तपासली, कुणी तपासली, काय बदललं, लिहिलेलं असेल तर दाखवा. शहाण्णव सालच्या पावसाळ्यात नाशकातल्या चार गाड्या त्याने याच पायी नाकारल्या होत्या.

त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, मनीषाला कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारचा टेम्पो दुगावपाशी बंद पडला. दवाखाना गाठेपर्यंत बाळ हातचं गेलं. आता ती पुन्हा गरोदर होती, कार्तिकात दिवस भरणार होते. दुधाने तोंड पोळलेला तो, ताकही फुंकून पिणार. या वेळी दारात आपली गाडी हवी आणि ती मध्येच थांबता कामा नये, एवढीच त्याची मागणी होती.

फूलबाजारात कुणीतरी सायखेड्याची एक गाडी सुचवली. दिवस पित्तरपाटाचे होते. त्या पंधरवड्यात खरेदी कुणी करत नाही, पण नुसतं बघायला कोण अडवतंय, असं म्हणून भारत एसटीने गेला.

गाडी झुंबरबाईंची होती. त्यांचे यजमान खंडेराव एसटीच्या वर्कशॉपात फोरमन होते आणि त्यांना जाऊन पावणेचार वर्षं झाली होती. घरामागे नदीच्या अंगाला पत्र्याची शेड. दुपारचे चार वाजले होते, पण आभाळ भरून आलेलं, आणि आत इतका अंधार की बाईंनी कंदील लावून आणला. उजेडात बदामी रंगाची गाडी दिसली, अठ्ठ्याहत्तर सालची. तिच्या नाकावर गेल्या दसऱ्याची माळ वाळून नुसता दोरा उरला होता. धूळ, ऑइल, उंदरांचा वास. आणि त्या सगळ्याखाली आणखी एक वास होता, ताज्या खुडलेल्या झेंडूचा. तो वास ओळखण्यात भारत चुकणं शक्य नव्हतं. त्याने कोपरे पाहिले. फूल कुठेच नव्हतं.

त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. झुंबरबाईंनी गाडीतून एक लांब वही काढून दिली. खंडेराव दर वर्षी, दसऱ्याच्या शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशी गाडी तपासून एक पान लिहीत. डेपोतली सवय. इंजिन, ब्रेक, टायर, दिवे आणि शेवटची ओळ चालक. प्रत्येकापुढे ठीक, नाहीतर बदलावा. भारतला असा आनंद झाला की गाडी न बघताच घ्यावीशी वाटली. असा इतिहास कुणाकडे असतो?

झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी तो मोठ्याने वाचू लागला. एक्क्याण्णवच्या पानावर तळाला जादा ओळ होती, ‘झुंबरला गाडी शिकवावी.’

बाई हसल्या. “म्हणले व्हते खरं. लय मागं लागले. मी काय शिकले नाय... म्हणून तर गाडी अशी उभी ऱ्हायली.”

त्याने पान उलटलं. ब्याण्णव. इंजिन ठीक, दिवे ठीक. ‘चालक: बदलावा.’

बाईंचं हसू गेलं. “त्याच थंडीत गेले ते.”

भारतने पुढचं पान उलटलं आणि त्याचा हात थांबला. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. तेच वळणदार अक्षर, तीच निळी शाई. ‘बॅटरी उतरली. टायरात हवा कमी. चालक: नाही.’

त्याच्या मनात पहिली शंका आली ती भुताची नाही, लबाडीची. गिऱ्हाईक गळाला लागावं म्हणून कुणीतरी एका बैठकीत खरडलं असणार. पण प्रत्येक पानावर हळदीकुंकवात झेंडूची एक पाकळी चिकटवली होती, थेट शेवटच्या अक्षरावर. आणि इथे भारतला कुणी फसवू शकत नव्हतं. त्याने कंदील जवळ घेतला. पंच्याण्णवच्या पाकळीत अजून केशरी रंगाची धग होती. चौऱ्याण्णवची तपकिरी पडलेली. त्र्याण्णवची बोट लागताच भुगा झाली आणि तिच्याखाली शाई तशीच निळी होती. पाकळ्या ज्या त्या सालच्या होत्या. म्हणजे त्यांच्याखालचं अक्षरही.

“मावशी... हे कोण लिहितं?”

“तेच.” कोण आलं होतं विचारल्यावर शेजारीण सांगते तसं त्यांनी सांगितलं. “मी आदल्या रात्री वही सीटवर ठेवते, पेन ठेवते, दार लावते. सकाळी लिव्हलेलं असतं. मग मी पाकळी लावते.”

पत्र्यावर पावसाचे चार थेंब वाजले.  उठून चालू लागावं असं भारतला फार वाटलं. पण पंच्याण्णवच्या पानावर एक ओळ होती आणि तिच्यावरून त्याची नजर हटेना. ‘मागचा डावा ब्रेक आतून गळतो. बदलल्याशिवाय गाडी काढू नये.’

दुसऱ्या दिवशी तो गिरणाऱ्याच्या मल्हारी मिस्तरीला घेऊन आला. वहीचं काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाला की मागचं डावं चाक उघड. नट गंजून असे बसले होते की मल्हारीला पान्यावर उभं राहावं लागलं. आतलं रबर फाटून तेल झिरपत होतं.

“भारतभाऊ, हे चाक चार-पाच सालात कुणी खोललं नाय,” मल्हारी म्हणाला. “तुला बाहेरून कसं कळलं?”

 जे आपल्या जिवावर उठलेलं नाही, उलट जिवाला जपतंय, त्याला काय घाबरायचं, असं भारतने मनाला समजावलं. मन निम्मं समजलं. ब्रेक बदलून दसऱ्याला गाडी दारात आली. झुंबरबाईंची अट एकच होती. वही गाडीतच राहील आणि दर दसऱ्याच्या आदल्या रात्री पेनासकट सीटवर ठेवली जाईल.

कार्तिकात भर दुपारी मनीषाला कळा सुरू झाल्या. दुगाव कधी मागे पडलं ते कळलंही नाही. मुलगी झाली, दिशा. त्या संध्याकाळी भारत दवाखान्याबाहेर गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला आणि पोटभर रडला. कुणाचे आभार मानतोय हे त्याला ठाऊक होतं.

पुढची वर्षं सुखाची गेली. झेंडूला भाव मिळाला, दिशा शाळेत जाऊ लागली. दर दसऱ्याला सकाळी भारत वही उघडे. चालत्या गाडीचं पान मोठं असे. ‘फॅनबेल्ट बदलावा. चालक: ठीक. उतारावर घाई करतो.’ मनीषाला हसू यायचं. सासरा नसलेल्या घरात कुणीतरी कान धरणारं आहे म्हणायची. भारतही हसायचा, पण आधी तळाची ओळ वाचून घ्यायचा आणि मगच श्वास सोडायचा. ब्याण्णवचं पान त्याने तिला कधी वाचून दाखवलं नव्हतं.

दोन हजार दोनच्या दसऱ्याला मनीषा ओट्यावर माळ ओवत होती, दिशा तिला फुलं देत होती. ऊन छान पडलं होतं. भारतने वही उघडली. इंजिन ठीक. ब्रेक ठीक. चालक: ठीक. त्याने श्वास सोडला. मग खाली आणखी एक ओळ दिसली.

‘मनीषाला गाडी शिकवावी.’

“काय लिहिलंय यंदा?” मनीषाने विचारलं.

एक्क्याण्णवचं पान आठवून त्याला एकदम वही फाडून टाकावीशी वाटली. मग दुगाव आठवलं, ते गंजलेले नट आठवले. या अक्षराने आजवर त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

“तुला गाडी शिकवा म्हणतायत.”

“मला तर कधीची शिकायचीय,” ती खुशीत म्हणाली. “आजच बसू?”

“आजच बस.”

माळ घालून झाली. भारतने हळदीकुंकवात बुडवून स्वतःच्या मळ्यातली एक पाकळी त्या ओळीवर चिकटवली.  मग तो आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या गाडीत डाव्या बाजूला बसला. मनीषा स्टीअरिंगवर बसली. दिशा मागे उभी राहून टाळ्या पिटत होती आणि मनीषाच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की त्याचाही जीव क्षणभर हलका झाला.

“अहो, सीट कधी पुढं घेतलीत?” क्लचवर पाय टेकवत ती म्हणाली. ती त्याच्याहून वीतभर बुटकी होती. “आरसाबी बरोब्बर लावलाय. सगळं दिसतंय मला.”

भारतने सीटला हात लावला नव्हता. आरशालाही नाही.