जोडपूल

भोरकसच्या पुलावर सकाळी सात वाजता हलगी कडाडली की घराघरांतून माणसं बाहेर पडत. खरं तर त्या वेळी कुणालाच पलीकडे जायचं नसे. पलीकडच्या टोकाशी होतं तरी काय? एक एसटीचा थांबा, एक बंद पडलेली पिठाची गिरण आणि बाभळी. तरीही रोज दीडशे माणसं हातात लेझीम घेऊन पुलावर उभी राहत, टाचा आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि तशीच परत येत. ज्याच्या घरचं कुणी आलं नाही त्याच्या दारात गिरजाक्का पाटोळे जाऊन उभी राहायची. पन्नाशी ओलांडलेली ही बाई भोरकसच्या फेरीची मुकादम होती. तिचं तोंड असं होतं की तापानं फणफणलेला माणूसही गोधडी फेकून पुलावर यायचा.

हा सगळा खटाटोप पूल जिवंत ठेवण्यासाठी होता. जिवंत हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा.

त्याचं असं झालं. राज्यातल्या जुन्या पुलांनी एकापाठोपाठ एक माना टाकायला सुरुवात केली आणि दुरुस्तीची यादी इतकी लांबली की ती वाचून होईपर्यंत तिच्यातले दोनचार पूल नदीत गेलेले असत. राज्य सेतू मंडळाचे साहेब डोक्याला हात लावून बसले असताना डॉ. शर्वरी टिपणीस या जीवशास्त्रज्ञ बाई त्यांच्यासमोर एक हाड घेऊन आल्या. हाड म्हणजे मेलेला दगड नव्हे, असं त्यांनी सांगितलं. कुस्ती खेळणाऱ्याचं हाड भरतं आणि सहा महिने अंथरुणाला खिळलेल्याचं झिजतं, कारण हाडात दोन तऱ्हेच्या पेशी सतत राबत असतात. एक चुना चढवते, दुसरी उतरवते. जिथे धक्के बसतात तिथे चढवणारीची सरशी होते आणि जिथे सगळं निवांत असतं तिथे उतरवणारीची. बाईंनी याच स्वभावाचे दोन जिवाणू प्रयोगशाळेत घडवले होते आणि ते पुलाच्या काँक्रीटमध्ये सोडायची त्यांची योजना होती. चुन्याचा खुराक नळीतून पुरवत राहायचा, मग पूल आपल्या भेगा आपणच बुजवील. या जिवंत काँक्रीटला त्यांनी अस्थिबंध असं नाव दिलं. लोकांनी मात्र जिवाणूंचं बारसं आपल्या पद्धतीनं केलं. चढवणारा तो गवंडी आणि उतरवणारी ती वाळवी.

इथवर सगळं ठीक होतं. पण खुराक तयार करणारा कारखाना राज्यातल्या निम्म्याच पुलांना पुरणारा निघाला. तेव्हा मंडळानं जोडपुलाची युक्ती काढली. जवळजवळचे दोन पूल एकाच नळीला जोडायचे. ज्याच्यावर रहदारी कमी, त्याचा चुना वाळवी उतरवणार, तो नळीतून वाहत दुसऱ्या पुलाकडे जाणार आणि तिथला गवंडी तो चढवून घेणार. तीन वर्षांनी मापणी करायची. जो पूल भरलेला निघेल तो ठेवायचा आणि झिजलेला पाडायचा. कोणता पूल गरजेचा हे लोकांचे पायच ठरवतील, असं मंडळाच्या पत्रकात म्हटलं होतं. त्यातली मंडळाला आवडलेली गोष्ट वेगळीच होती. पूल पाडायचा निर्णय कुणीच घेणार नव्हतं, त्यामुळे शिव्याही कुणाला बसणार नव्हत्या.

घोरणा नदीवर भोरकसचा पूल आणि तीन किलोमीटर खालच्या अंगाला जांभुर्ण्याचा पूल, अशी जोडी लागली. दोन्ही गावं नदीच्या एकाच तीरावर. बाजार, दवाखाना, हायवे, सगळं पलीकडच्या तीरावर, थांब्याच्या पुढे. पूल गेला तर गाव तोंड दाबून मरणार, हे दोघांनाही पत्रक न वाचता कळलं.

पहिल्या वर्षी भोरकसकरांनी शहाणपणा केला. वजनानं पूल भरतो ना, मग घ्या वजन, असं म्हणून त्यांनी दगडांनी भरलेल्या चार ट्रॉल्या पुलावर नेऊन उभ्या केल्या आणि निवांत घरी जाऊन झोपले. वर्षभरानं टिपणीसबाई नमुने घ्यायला आल्या तेव्हा पूल पार वाळला होता आणि जांभुर्ण्याचा पूल तुकतुकीत झाला होता. बाईंनी कपाळाला हात लावला. नुसतं वजन हाडाला कळत नाही, त्याला हालचाल कळते, असं त्यांनी समजावलं. त्यातही सगळे पाय एकदम आपटले तर गवंडी भराभर जागे होतात. एवढं बोलून बाई गाडीत बसून निघून गेल्या. गिरजाक्कानं मात्र ते वाक्य पदराला बांधलं. दुसऱ्याच दिवशी माळ्यावरच्या लेझिमा खाली उतरल्या आणि शिदूनानानं हलगी शेकायला घेतली.

तेव्हापासून दोन गावांत जे सुरू झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे त्याची लाज राखणं होईल. भोरकसच्या गड्यांनी हायवेच्या फाट्यावर उभं राहून जांभुर्ण्याकडे जाणारे उसाचे ट्रक दांडगाईनं आपल्या पुलावरून वळवले. जांभुर्णेकरांनी भोरकसच्या वाटेवर खिळे पेरले. दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरला दोन्ही गावांत मार बसला आणि त्यानं धंदाच सोडला. पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक होती, ती तुटली. माहेरी आलेल्या बायकांना आधी विचारलं जाई की कुठल्या पुलावरून आलीस, आणि मग पाण्याचा तांब्या पुढे होई.

गिरजाक्काची एकुलती एक लेक रेवती जांभुर्ण्यात दिली होती. चार वर्षांत मूल नव्हतं, आता सातवा महिना लागला होता. दुसरी कुणी असती तर तिनं जरा सबुरीनं घेतलं असतं. गिरजाक्कानं तेही केलं नाही. भोरकसचा पूल गेला तर बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला दवाखान्यात कुठल्या वाटेनं नेणार, असं ती स्वतःला सांगायची. लेकीचा पूल गेला तर काय, हा प्रश्न ती मनात येऊ देत नसे. उलट आदल्या वर्षी तिनंच एक उद्योग केला होता. पत्र्याची पाटी रंगवून घेतली, वर मंडळाची खूण काढली, 'पूल आतून पोकळ आहे, वापरू नये' असं लिहिलं आणि गड्यांकरवी जांभुर्ण्याच्या पुलाच्या तोंडाशी ठोकली. पंधरा दिवस जांभुर्णेकर भिऊन पुलावर फिरकले नाहीत. मग लबाडी कळली आणि ती पाटी भोरकसच्या वेशीत शेण फासून टाकलेली सापडली.

मापणीला आठ दिवस उरले असताना टिपणीसबाई पुन्हा आल्या. त्यांनी आधी जांभुर्ण्याच्या पुलाला सुई टोचली आणि मग भोरकसच्या. भोरकसचा नमुना हातात धरून त्या गिरजाक्काच्या घरात येऊन बसल्या. गिरजाक्कानं चहा पुढे केला आणि विचारलं की आमचा भरला ना.

"तुमचा भरलाय," बाई म्हणाल्या. "त्यांच्या पुलात आत काहीच उरलेलं नाही. वरून दिसतोय तसाच. म्हाताऱ्या माणसाचं हाड असतं ना, पडेपर्यंत कळत नाही, तसं."

"मग बंद करा की."

"बंद करायचा तो मापणीनंतर. मधेच बंद केला तर कुणाला तरी सही करावी लागते. सही करायला कुणी तयार नाही. मी पत्र दिलंय, पाटीही लावून आले."

गिरजाक्काच्या हातातला कप तिथेच थांबला. पाटीचं काय होणार हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं की माणसं गेली वरून तर?

"दहा-वीस माणसं आपापली चालत गेली तर काही होणार नाही. पण एका लयीत पाय आपटले..." बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. खिडकीतून भोरकसची हलगी ऐकू येत होती.

पत्र दिलंय म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडावर जी एक स्वच्छ शांतता असते, ती बघून गिरजाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, तुमी दोन गावांच्या मधी वाळवी सोडली," ती म्हणाली.

"मी पुलात सोडली होती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहा तसाच ठेवला.

मापणीला तीन दिवस उरले. सकाळी भोरकसची फेरी रंगात आली असताना वाऱ्यावर दुसरी हलगी ऐकू आली. ती खालच्या अंगानं, जांभुर्ण्याकडून येत होती. ठेका लेझमीचाच होता. जांभुर्ण्यात लेझीम कधीच नव्हती. ती नेणारं माणूस एकच होतं. शाळेत असताना भोरकसच्या लेझीमपथकात रेवती सगळ्यांत पुढे असायची.

गिरजाक्कानं स्कूटी काढली आणि काठाकाठानं निघाली. जांभुर्ण्याच्या पुलाशी पोचली तेव्हा टिपणीसबाईंची पाटी गटारात उताणी पडली होती. दोन बाप्यांनी तिची वाट अडवली आणि एकानं स्कूटीची चावीच काढून घेतली. पुलावर साठ-सत्तर माणसं दोन रांगांत नाचत होती आणि सर्वांत पुढे तिचा जावई दिगंबर होता. पोटुशी रेवती अलीकडच्या टोकाला, जमिनीवर, गळ्यात शिट्टी अडकवून ठेका देत उभी होती. आईला बघून ती चार पावलं पुढे आली. मायलेकी दीड वर्षानं समोरासमोर येत होत्या.

"रेवा, खाली उतरव समद्यास्नी. आतनं पोकळ हाय त्यो पूल."

"पाटीवरबी आसंच लिवलं हुतं."

"ती खोटी हुती. म्याच लावली हुती. ही खरी हाय."

"हे तू आज सांगतीस," रेवती म्हणाली. "तीन दिस ऱ्हायल्यावर."

गिरजाक्कानं शपथा घातल्या. बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पोटातल्या बाळाचा वास्ता दिला. वाट अडवणारे बाप्ये हसू लागले, म्हणाले की म्हातारी नाटकात जाऊ दे, चांगलं नाव काढील. रेवती मात्र हसली नाही. ती आईच्या डोळ्यांत बघत राहिली आणि तिचा निश्चय थोडा हलला असावा.

"ठीक हाय," ती म्हणाली. "तुझी हलगी थांबव. हितवर ऐकू येती. ती थांबली की म्या लांब शिट्टी मारते, एक मानूस पुलावर ऱ्हानार न्हाई."

फोन गिरजाक्काच्या कमरेला होता. शिदूनानाला एक शब्द सांगायचा अवकाश, हलगी थांबली असती. तिचा शब्द भोरकसमध्ये कुणी मोडत नव्हतं. तिनं फोन हातात घेतलाही. आणि मग तिच्या मनात आलं की आपण थांबवली आणि यांनी दम खाऊन परत सुरू केली तर? तीन दिवस हे नाचत राहिले आणि मापणीत आपला पूल उणा ठरला तर? ज्यानं स्वतः खोटी पाटी ठोकलेली असते, त्याला दुसऱ्याची शिट्टी खरी वाटत नाही.

"आदी तू शिट्टी मार," ती म्हणाली.

"आदी तुझी हलगी."

"रेवा, आईक माझं. आदी तू."

किती वेळ हे चाललं ते दोघींनाही नंतर सांगता आलं नाही. पाच मिनिटं असतील. आवाज काही फार मोठा झाला नाही. वाळकी फांदी मोडावी तेवढाच झाला आणि पुलाचा मधला गाळा नाचणाऱ्या माणसांसकट खाली गेला. नदीला पाणी गुडघाभर होतं आणि खाली नुसते धोंडे होते. अकरा माणसं मेली. त्यांत दिगंबर होता. रेवतीनं शिट्टी तोंडात धरली होती, पण ती वाजली नाही. वरच्या अंगाला भोरकसची हलगी तशीच चालू होती.

मापणीचा प्रश्नच उरला नाही. मंडळानं चौकशी केली आणि दोष कुणाचाच नाही, रहदारीनं आपला कौल दिला, असा निर्वाळा दिला. नळीतला सगळा चुना आता भोरकसला मिळू लागला. वर्षभरात तो पूल असा भरला की मंडळानं त्याचं चित्र आपल्या दिनदर्शिकेवर छापलं. हायवेची रहदारी आपसूक वळली, तेव्हा लेझिमा पुन्हा माळ्यावर गेल्या.

जांभुर्णेकरांना आता बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला याच पुलावरून जावं लागतं. अडवत त्यांना कुणी नाही. ते पुलाच्या तोंडाशी गाडीतून उतरतात. चपला काढून हातात घेतात. मग एकामागून एक, अंतर ठेवून, कुणाचं पाऊल कुणाच्या पावलाशी जुळणार नाही अशा बेतानं, अगदी हलके चालत पलीकडे जातात. या पुलाला आपल्या पायाचा एक घासही मिळू नये म्हणून. सुरुवातीला भोरकसची पोरंटोरं त्यांना हसायची. मग हसणं थांबलं. आता ते येताना दिसले की भोरकसची माणसं दारं लावून घेतात. टिपणीसबाईंनी एकदा येऊन सांगितलं की दिवसाकाठी शेकडो ट्रक जातात, शंभर माणसांच्या हलक्या चालण्यानं पुलाला काडीचाही फरक पडत नाही. गिरजाक्का म्हणाली की ते त्यांनाही माहीत आहे.

ती रोज सकाळी पुलाच्या कठड्याशी येऊन बसते. परवा रेवती आली. बरोबर दीड वर्षाची लेक, नुकतीच नीट चालायला लागलेली. रेवतीनं आईकडे पाहिलं नाही. तिनं खाली वाकून आपल्या चपला काढल्या, मग पोरीचे इवलेसे बूट काढले. पोरीला तो रुंद, गुळगुळीत पूल फारच आवडला. तिनं दोन्ही पाय दणादण आपटले आणि खिदळली. रेवतीनं तिला पटकन उचललं आणि छातीशी धरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पाय आपटू नगंस, बाय. हितं न्हाई."

मग तिनं पोरीला पुन्हा खाली ठेवलं आणि कसं चालायचं ते स्वतः चालून दाखवलं. पोर आजीच्या समोरूनच गेली, आईकडे बघत, चवड्यांवर.