जेथ्रो नान्सचं मत

मतदान गुरुवारी होतं. आदल्या रात्री, तीन जुलैला, साडेअकराच्या सुमारास क्लेमंट ट्रेव्हन गावच्या सभागृहाच्या खिडक्या लावायला गेला. माझा जुना दोस्त, आता हयात नाही.

पोरांनो, आज आपलं ट्रेवॅरिक नकाशात शोधावं लागतं. पण एके काळी हा अख्खा मतदारसंघ होता, इथून दोन खासदार लंडनला जायचे. मतदार मूठभर, आणि सगळ्यांची घरं एकाच जमीनदाराची. मत त्याच सभागृहात, सगळ्यांदेखत, मोठ्यानं सांगायचं. एकदा जेथ्रो नान्स नावाच्या जोडे शिवणाऱ्यानं भलतंच नाव घेतलं. त्या हिवाळ्यात त्याच्या घराचं छप्पर उतरवलं. बाळंतीण बायको रस्त्यातच गेली, तान्ह्यासकट. पुढं सरकारनं तो मतदारसंघच मोडला.

छप्पर उतरवणारा जमीनदाराचा कारभारी म्हणजे क्लेमंटचा खापरपणजा. क्लेमंट हे हसत सांगायचा. जॉरी, तू आत्ता हसलास ना, तस्साच.

त्याच तीन जुलैच्या दुपारी त्यानं आपल्या भाडेकरणीला, मॉर्वेनाला, घर सोडायला सांगितलं होतं. तिनं खिडकीत दुसऱ्या पक्षाचा फलक लावला, एवढंच. कारण दिलं दुरुस्तीचं.

तर, तो शेवटची खिडकी लावत होता. मागं कोणीतरी खाकरलं.

दारात एक माणूस. शेजारी बाई, शालीत काहीतरी कवटाळलेलं.

"मत सांगायला आलोय."

क्लेमंटला वाटलं, प्यायलाय. "सकाळी सातला या, बाबा. आणि आता सांगायचं नसतं. गुपचूप द्यायचं."

"गुपचूप..." माणूस पुटपुटला. "म्हणजे आता घर जात नाही?"

क्लेमंटनं नीट पाहिलं. दोघांच्या केसांत बर्फ. जुलैत. वितळत नव्हता.

"नाही ना जात?"

क्लेमंटची मान खाली गेली.

"जातं," तो म्हणाला.

बाईनं शाल सारखी केली.

त्यानं वर पाहिलं. कोणी नव्हतं.

तसाच तो मॉर्वेनाकडे गेला. म्हणाला, दुरुस्ती खोटी होती, तू राहा. दार अर्धंच उघडून ती म्हणाली, "राहीन. पण तुम्हाला आत या म्हणणार नाही, मिस्टर ट्रेव्हन."

हे मला सांगताना तो बुटांकडे बघत होता. खापरपणज्याचं नाव पुन्हा त्याच्या तोंडी आलं नाही.

सभागृहाच्या दाराशी, बाई उभी होती तिथली फरशी... जानेवारीत हात लावून बघा. कोमट असते. नुकतंच मूल उचललेल्या अंथरुणासारखी.