बुधवार, दहा ते एक

लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधोमध अडकली होती. आत एक माणूस होता. बाहेर मी होते - हातात दाराची किल्ली आणि डोक्यात संताप.

बुधवार होता. बुधवारी दहा ते एक ही माझी अभ्यासाची वेळ. लिफ्ट दुरुस्तीचं काम करता करता शिकणाऱ्या आम्हा शिकाऊ उमेदवारांना आठवड्यातले तीन तास पुस्तक उघडायला द्यायचे, असं कंपनीने शिक्का मारून लिहून दिलंय. गेल्या दोन महिन्यांत त्या तीन तासांत मी मोटरचं झाकण उघडलं, ग्रीसचा डबा उघडला, आणि आता हे दार. पुस्तक तेवढं राहिलं. त्या दिवशी ते कसंबसं उघडलं होतं, तोच फोरमन म्हणाले, "अगं, आपल्याच इमारतीतली लिफ्ट बंद पडलीय, लोक हसतील. जा पटकन."

हे काम दोघांचं. दुसरा माणूस रजेवर. मी वर जाऊन मेन स्विच बंद केला, हाताने ब्रेक सोडून लिफ्ट हळूहळू सहाव्या मजल्याला आणली, खाली येऊन दार उघडलं. तो जमिनीवर बसला होता, घामाने निथळत. मांडीवर पोस्टरांचा गठ्ठा. सगळ्यात वरच्यावर लिहिलं होतं, 'मन शांत ठेवा. दीर्घ श्वास घ्या.'

"घेतला का?" मी विचारलं.

"काय?"

"दीर्घ श्वास."

त्याने पोस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पहिली पाच मिनिटं घेतला... मग वाटलं, हवा जपून वापरावी."

"लिफ्टमध्ये हवा संपत नाही. वर जाळी असते."

"हे पोस्टरवर लिहायला हवं होतं," तो म्हणाला, आणि मला हसू आलं. आल्याबरोबर त्याचाही राग आला.

तो आठव्या मजल्यावर, आमच्याच कंपनीत निघाला होता. आमच्या प्रशिक्षण संस्थेने त्याला नवीनच नेमलं होतं - शिकाऊ उमेदवारांच्या अभ्यासाला आणि मनःस्वास्थ्याला मदत करायला. मी कामाचं कार्ड पुढे केलं. 'सुटका झालेल्या व्यक्तीची सही' या रकान्यात त्याने थरथरत्या हाताने सही केली. अकरा पस्तीस. माझा अभ्यास त्या दिवशीपुरता आटोपला होता.

मग तो दर दुसऱ्या गुरुवारी येऊ लागला. आठ मजले पायऱ्या चढून, धापा टाकत.

"लिफ्ट चालू आहे," मी म्हणायचे.

"माहीत आहे. तुम्ही दुरुस्त केलीय, पूर्ण विश्वास आहे."

"मग?"

"विश्वास लिफ्टवर आहे... माझ्यावर नाही."

प्रत्येकाला अर्धा तास मिळायचा. तो फॉर्म काढून विचारायचा, "एक ते दहामध्ये किती समाधानी आहात?" मी म्हणायचे, दहापैकी मला विचारू नका, सर्किटच्या पेपरात माझी मजल तीनच्या वर जात नाही. एकदा त्याने फॉर्म बाजूला सारला आणि सर्किटचा कागद ओढून घेतला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. मला कळेपर्यंत सांगा." मी सांगत गेले. तो मध्येच अडाण्यासारखे प्रश्न विचारायचा, आणि त्याला समजावता समजावता कुठला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, कधी ओढतो ते मलाच पहिल्यांदा नीट कळलं. मी मान वर केली तर तो कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होता. पटकन पेन्सिलीला टोक करायला लागला. टोक आधीच होतं.

घरी वहिनीने तिसऱ्याच गुरुवारी ओळखलं. "ग्रीस लागलेल्या हाताने कुणी गजरा माळल्यासारखं आरशात बघतं का गं?" मी तिच्यावर खेकसले. खेकसले म्हणजे खरंच असणार, असं ती दादाला सांगत सुटली.

आणि मग निकाल लागला. सर्किटमध्ये दुसऱ्यांदा नापास. सोबत संस्थेचं पत्र : उमेदवारी रद्द का करू नये, सोमवारी येऊन सांगावे. पत्राला अहवाल जोडला होता. 'उमेदवाराला सर्व अभ्यासतास मिळाले आहेत. तरी प्रगती नाही. आवडीचा अभाव.' खाली त्याची सही. थरथरती नव्हे, चांगली ठसठशीत.

आवडीचा अभाव! दोन वर्षं मी अंधाऱ्या खड्ड्यांत उतरून वायरी ओळखल्या, नखांत काळं घेऊन जेवले, घरच्यांच्या नाना शंका झेलल्या, आणि हा माणूस लिहितो, आवडीचा अभाव.

त्या गुरुवारी मी त्याला चौथ्या मजल्याच्या जिन्यावरच गाठला. पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं, चेहरा उतरला.

"हा अहवाल मी पहिल्याच महिन्यात दिला होता... तीस जणांचे अभ्यासतासांचे तक्ते होते. तुमच्या तक्त्यावर प्रत्येक बुधवारी तुमचीच सही होती."

"होती. फोरमन एक तारखेलाच महिन्याभराच्या सह्या घेतात. सगळ्यांच्या. मीही मुकाट्याने केल्या, गाढव मी. पण तुम्ही? झोप विचारलीत, भूक विचारलीत, समाधान तर एक ते दहामध्ये मोजलंत. बुधवारी कुठे असता, एवढंच नाही विचारलंत."

"मला वाटलं..."

"तुम्हाला लिफ्टमधून बाहेर काढलं तो कुठला वार होता?"

त्याने पत्रावरची आपली सही पुन्हा पाहिली. मी पत्र हिसकावून घेतलं आणि खाली निघून आले. जिन्यात रडले, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडले.

सोमवारी संस्थेच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे संस्थाप्रमुख बाई, अलीकडे फोरमन, एका कोपऱ्यात तो. फोरमन हसत म्हणाले, "बाई, पोरगी कष्टाळू आहे हो, पण अभ्यासात लक्ष नाही. तक्त्यावर तिचीच सही आहे, आम्ही आणखी काय करायचं?" मला त्यांचं तोंड बघवेना.

तो उठला. त्याने टेबलावर कामाची कार्डं मांडली. सतरा बुधवारांची सतरा. प्रत्येकावर वेळ दहा ते एकच्या मधली, प्रत्येकावर माझी सही. शुक्रवार-शनिवार कंपनीच्या नोंदखोलीत बसून त्याने ती शोधली होती, हे मला नंतर कळलं.

"यातल्या एका कार्डावर माझीही सही आहे," तो बाईंना म्हणाला. "तक्त्याप्रमाणे ह्या त्या वेळी अभ्यास करत होत्या. मग मला लिफ्टमधून काढलं कुणी? अहवाल खोटा आहे, आणि तो माझा आहे. मी काही न विचारता सही केली. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण यांचं नाव कमी करू नका."

नाव राहिलं. नापासाचा शेरा पुसला गेला, परीक्षा पुन्हा द्यायची ठरली, आणि बुधवारचे तीन तास कंपनीत नाही, संस्थेच्या वाचनखोलीत. फोरमनना लेखी समज मिळाली. बस, एक कागद. आणि त्याला? आमच्या कंपनीवरून काढून दुसरीकडे पाठवलं, नोकरीत कायम होणं सहा महिने लांबलं. सतरा बुधवार ज्यांनी खाल्ले ते खुर्चीवर, आणि ज्याने चूक कबूल केली तो बाहेर. मला आजही हे आठवलं की माझा पारा चढतो.

तिसऱ्या बुधवारी, साडेअकराला, तो वाचनखोलीच्या दारात उभा राहिला.

"बोलायचं होतं..."

"एक वाजता," मी मान वर न करता म्हणाले.

तो समोरच्या खुर्चीवर बसला. फोन काढला नाही, खाकरला नाही, पेपर चाळला नाही. मी एकच ओळ चार वेळा वाचली. साडेबाराला शिपाई आला. "ताई, ऑफिसात बोलावलंय, दोन मिनिटांचं काम आहे, एक सही..."

मी सवयीने उठायला लागले. पण तो आधीच उठला होता. "एक वाजता येतील त्या," तो शांतपणे म्हणाला. "आत्ता त्यांचा अभ्यास चालू आहे." शिपाई गेला. चार महिन्यांत हे वाक्य माझ्यासाठी कुणी म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरले आणि समोरचं सर्किट अर्धा मिनिट दिसेनासं झालं.

एक वाजला. मी पुस्तक मिटलं.

"आता तुमच्या कुठल्याही कागदावर माझी सही नसणार," तो म्हणाला. "म्हणून विचारायची हिंमत करतोय -"

"थांबा. आधी मी. तुम्ही सही केलीत, त्याचा मला राग आहे. मग सगळं निस्तरलंत, त्याचाही आहे, कारण आता धड चिडता येत नाही. आज तर एक शब्द न बोलता माझा दीड तास खाल्लात. आणि तुम्ही मला आवडता... याचा सगळ्यात जास्त राग येतो."

तो बघतच राहिला. कान लाल झाले होते. "मी... मी पुढच्या बुधवारी पुन्हा येऊ?"

"नाही."

"नाही?"

"गुरुवारी या. शुक्रवारी या, रविवारी घरी या, वहिनी वाट बघतेय. रोज या." मी पुस्तक छातीशी धरलं. "पण बुधवार माझा आहे. तो मी आता कुणालाच देणार नाही. तुम्हालासुद्धा."