एका हाकेला ओ

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका. यात ज्याचा जीव गेला तो माझा बाप होता.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही टळटळीत दुपारची आहे. सांगलीतल्या एका कॉलेजच्या मागच्या गोदामातली, १९७८ च्या उन्हाळ्यातली. माझा चुलता कृष्णात आणि मोटार वाइंडिंगवाला पीरमहंमद, दोघंच तिथं होते. दोघांकडूनही मी ती वेगवेगळी ऐकली आहे.

पण आधी १९७३ सालचं सांगावं लागेल.

आम्ही मूळचे मलकापूरचे. माझा बाप जोतिबा पोटासाठी सांगलीजवळ हरिपूरला आला आणि हळदीच्या पेवांवर कामाला लागला. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि पोट खोलीएवढं. त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकतात. आत हवा अशी नसतेच. म्हणून पेव उघडलं की ते निवू द्यायचं, मग आत कंदील सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही.

त्या कमाईवर बापानं धाकट्या भावाला शिकवलं. कृष्णातकाका रसायनशास्त्र शिकून मुंबईला एका मोठ्या संशोधन संस्थेत लागला. जिवंत शरीरातल्या रेणूंचं वजन करायचं, हे त्याचं काम. वजन म्हणजे तराजूत नव्हे. एक यंत्र असतं. त्याच्या पोटातली सगळी हवा पंपानं काढून घेतात. मग रेणू तापवून त्या पोकळीत उडवायचा. कागदाची पट्टी सरकते, तिच्यावर पेन रेघ ओढतं, आणि ज्या वजनाला रेणू सापडतो तिथं उंच सुळका येतो.

अडचण एकच. हे रेणू मोठे आणि नाजूक. उडायच्या आधीच जळायचे, तुटायचे. हाती लागायचे ते तुकडे. अख्खा रेणू कुणालाच दिसत नव्हता.

काकाला तो दिसला. एकदाच.

तो धावत संस्थेतल्या साहेबांकडे गेला. साहेबांनी पट्टी बघितली आणि परत केली. "एकदा आला म्हणजे आला नाही. पुन्हा आण, मग बोलू."

पुन्हा काही तो आला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काका हरिपूरला आला तो ती पट्टी घेऊनच. जेवताना पट्टी, झोपताना पट्टी. मी आणि आई तेव्हा मलकापूरला मामाकडे गेलो होतो. घरी बाप, काका आणि आजी अंबूबाई.

त्या दुपारी घरामागच्या परड्यातलं पेव उघडलं होतं. व्यापाऱ्याची गाडी खोळंबली होती. त्याला घाई. जोडीदार भाकरी खायला गेला होता. बापानं कंदील सोडला. तो म्हणे मिणमिणत होता. बाप उतरला.

काका ओट्यावर पट्टी पसरून आकडेमोड करत बसला होता. आजी शेंगा फोडत होती.

आणि हाक आली...

"किसनाऽऽ!"

काका उठायला लागला. आजीनं त्याचा हात धरला.

"एका हाकंला ओ देऊ नगं. भर दुपार हाय. मानूस आसंल तर दुसऱ्यांदा हाक मारंल."

आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. भूत एकदाच हाक मारतं. ओ दिली की संपलं.

काकाचा भुताखेतावर विश्वास नव्हता. तो साहेबांच्या शाळेतला. पण त्या शाळेतही तेच शिकवलं होतं ना! एकदा आलेलं खरं मानायचं नाही. दोन्हीकडून एकच धडा. तो पुन्हा पट्टीवर वाकला आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिला.

दुसरी हाक आली नाही.

कशी येणार? पेवात एका हाकेपुरतीच हवा होती.

बापाला वर काढलं तेव्हा त्याच्या नाकातोंडात हळद होती. आजी त्यानंतर फार जगली नाही. काका मुंबईला परत गेला. काम करायचं म्हणून करत राहिला. दोन-तीन वर्षांनी परदेशातल्या कुणीतरी तसलाच अख्खा रेणू उडवून दाखवला आणि छापून टाकला. साहेब काय म्हणाले असतील?

"अरे, तेव्हाच छापायला हवं होतंस."

काका तडक राजीनामा देऊन सांगलीला आला. संस्थेनं मोडीत काढलेलं एक जुनं यंत्र ट्रकमध्ये घालून सोबत आणलं. कॉलेजात शिकवायचा आणि उरलेला वेळ गोदामात. धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना पोती ठोकलेली. यंत्राला लागणारा गार नायट्रोजन, वळूंचं बीज ज्यात साठवतात तोच, गुरांच्या दवाखान्यातून आणायचा, म्हणून लोक त्याला वळूडॉक्टर म्हणायचे. पंप बिघडला की पीरमहंमद यायचा.

काकाला बाकी काही नको होतं. तोच पदार्थ चिमूटभर शिल्लक होता. तोच सुळका पुन्हा आणायचा होता. दादा गेला तो या पट्टीपायी, मग निदान ही पट्टी तरी खरी ठरू दे, असं तो पीरमहंमदला म्हणायचा.

त्या दुपारी पंप छान चालला होता. काकानं शेवटची चिमूट यंत्रात घातली. पेन थरथरत पुढं निघालं.

आणि वीज गेली.

पंप घरघरत थांबला. पंखा थांबला. गोदामात एकदम सामसूम...

"गेली का आता!" पीरमहंमद वैतागला. "सर, च्या पिऊन येऊ चला."

काका हलला नाही. तो पट्टीकडे बघत होता.

पट्टी सरकत होती.

वीज नव्हती, आणि पट्टी सरकत होती... पेन रेघ ओढत होतं.

मग वास आला. ओलसर, कोंदट, उबदार. हळदीचा. नुसत्या हळदीचा नव्हे, तोंड लिंपलेल्या पेवातल्या हळदीचा. काका हरिपूरला वाढलेला. त्याला तो वास कुणी सांगायला नको होता.

टेबलावरचा स्पिरिटचा दिवा बारीक झाला...

विझला.

पीरमहंमदनं काडी ओढली. पेटली नाही. दुसरी ओढली. नुसता धूर.

"सर... छातीवर वझं आल्यागत हुतंय."

पेन वर चढायला लागलं. सावकाश. त्याच जागी. काकाला ती जागा पाठ होती. पाच वर्षं तो ज्याच्यासाठी झुरला तो सुळका डोळ्यांदेखत उभा राहत होता.

आणि तेव्हाच...

"किसनाऽऽ!"

एकदाच.

पीरमहंमदनं काकाची बाही धरली. "सर, ओ देऊ नका! एकच हाक हाय ही."

काका मला सांगायचा, त्या क्षणी पेन अजून टोकाला पोचलं नव्हतं. अजून थोडं थांबलं असतं तर पुरा सुळका दिसला असता. हाक दारापलीकडून आली होती, उन्हातून.

त्यानं पट्टीकडे पाठ फिरवली.

"ओ! ओ दादा! आलो!"

धडपडत त्यानं दार ढकललं आणि बाहेर पडला. उन्हात कुणी नव्हतं. लिंबाखाली एक कुत्रं झोपलं होतं, त्यानं मानही वर केली नाही. काकानं मोठा श्वास घेतला, आणि मग त्याला कळलं की आत कितीतरी वेळ श्वास घेताच येत नव्हता.

त्यानं वळून बघितलं. पीरमहंमद आत जमिनीवर पडला होता.

काकानं त्याला पाय धरून ओढत बाहेर काढलं. तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

कॉलेजवाल्यांनी ठरवून टाकलं, नायट्रोजन गळला आणि कोंडलेल्या खोलीतली हवा संपली. असं होऊ शकतं. काकालाही ते माहीत होतं. फक्त नायट्रोजनचा कॅन आदल्या दिवसापासून दवाखान्यात होता, भरायला दिलेला.

पट्टीवर सुळका पुरा आला होता. बरोब्बर त्याच वजनाला. पण वीज नसताना आलेला सुळका दाखवणार कुणाला? काकानं ती पट्टी चुलीत घातली. यंत्र भंगारवाल्याला दिलं. नंतर कुणी संशोधनाचं विचारलं की तो उठून आत जायचा.

त्याची समजूत एकच. ज्याला आपण ओ दिली नाही त्या दादानंच आपला जीव वाचवला. हे सांगताना तो रडायचा. दादानं माझा गळा धरला असता तर बरं झालं असतं, म्हणायचा.

पीरमहंमदला मी पुढं गाठून विचारलं.

"तुजा काका म्हनतो हाक भाइरनं आली. आसंल. पर म्या आईकली ती भाइरनं न्हवती."

"मग?"

"खालनं. फरशीच्या खालनं. आन् ती वाचवायची हाक न्हवती गड्या. खाली कोन तरी गुदमरत हुतं."

म्हणजे माझा बाप पाच वर्षांनीही तिथंच होता? काका बाहेर पळाला तेव्हा तो खालीच राहिला? की त्याला काकाला खाली न्यायचं होतं? मला ठरवता येत नाही. दोघंही आता नाहीत, आणि गोदाम पाडून तिथं सायकल स्टँड झाला.

आता माझं सांगतो. माझ्या बापानं दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा भावाला. दुसऱ्या वेळी तर आम्ही मायलेकरं तीन मैलांवर हरिपुरात होतो. आमच्या दाराशी काही तो आला नाही. राग येतो मला. मेलेल्या बापाचाही येतो.

दुपारी घर सामसूम झालं की मी परड्याकडचं दार उघडून बसतो. बायको म्हणते, काय ऐकता एवढं?

हाक आली तर दुसऱ्या हाकेची वाट मी बघणार नाही. तेवढं मी ठरवलं आहे. पण अजून मला कुणी एकदाही हाक मारलेली नाही.