बशीला लिव्हर नसतं

"हलू नका! श्वाससुद्धा घेऊ नका!"

लिफ्टमध्ये शिरता शिरता तिने फर्मान सोडलं आणि तो बिचारा पालीसारखा भिंतीला चिकटला. तिच्या हातात पारदर्शक बश्यांचा डबा होता. बश्यांत गुलाबी पाणी डुचमळत होतं.

"यात... काय आहे?"

"कॅन्सरच्या पेशी. ग्रीन टीमधला एक घटक घातलाय यांच्यावर. पटापट मरतात!" तिने अशी मान उडवली, जणू एकेकीला स्वतःच्या हाताने बदडलं होतं.

तो बघतच राहिला. बश्यांकडे नाही हं, तिच्याकडे!

तो चित्रकलेचा मास्तर. आईला केमोसाठी चौथ्या मजल्यावर आणायचा. तिची प्रयोगशाळा पाचव्यावर. त्या दिवसापासून दर खेपेला त्याचं बोट पाचच्या बटणावरच पडायला लागलं.

"चुकून दाबलं..."

"चित्रकलेच्या सरांना आकडे कळत नाहीत वाटतं?" कानामागे बट सारत ती हसायची, आणि स्वारी दिवसभर तरंगायची.

मग एका दुपारी तो जिन्यात बसलेला दिसला. डोकं गुडघ्यांत.

"आईचे डोळे पिवळे झालेत. लिव्हरचे रिपोर्ट बिघडले. केमो थांबवली. डॉक्टर म्हणतात, कदाचित तिथे पसरलाय..."

ती शेजारी टेकली. डोकं मात्र सुरू होतं.

"आई आणखी काही घेतात का?"

"छे. औषध काहीच नाही. फक्त... ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या. तुमच्या बश्यांतलं तेच. जरा जास्तच देतो, लवकर गुण यावा म्हणून."

ती ताडकन उभी राहिली.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"पाल्याच्या तर गोळ्या! त्यात काय सांगायचं?"

"अहो, बशीला लिव्हर नसतं! आईंना आहे!" ती ओरडली. मग हळूच म्हणाली, "हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. फुशारकी मारत बसले. कपभर चहा वेगळा आणि मूठभर अर्क वेगळा... चला, उठा आधी!"

त्याचा हात धरून ती चौथ्या मजल्यावर धावली. (पहिल्यांदा हात धरला, तो असा!) डॉक्टरांनी त्याची बिनपाण्याने केली, गोळ्या बंद केल्या आणि स्कॅन करायला सांगितला.

लिव्हरमध्ये गाठ नव्हती! हळूहळू डोळ्यांतला पिवळेपणा ओसरला, रिपोर्ट ताळ्यावर आले, केमो पुन्हा सुरू झाली.

हुश्श!

त्या दिवशी आई डोळे मिटून पडल्या होत्या. नळीतून औषध थेंब थेंब उतरत होतं. तिने त्याला दरडावलं, "आणखी काही लपवलं असेल तर आत्ताच सांगा."

"आहे... एक गोष्ट."

ती पांढरीफटक पडली. "काय?"

"तुम्ही मला... फार आवडता."

"असं घाबरवतात का हो कुणी!" तिने त्याच्या दंडावर चापट मारली. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. "मलाही... तुम्ही. कधीपासून!"

"सुटले बाई एकदाची!" खाटेवरून आवाज आला. आईंचे डोळे अजून मिटलेलेच. "पण तू जपून हं, पोरी. हा प्रेमाच्या भरात काहीही चारतो!"