हाक मारायची राहिली

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे घडलंय. जिच्या बाबतीत घडलं ती प्रांजली माझी मावसबहीण. तळा गावात तिचे वडील शाळामास्तर होते. त्यांनी घरात भूत हा शब्दसुद्धा कधी खपवून घेतला नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. मंगळवार. दुपारचे तीन.

मुरूडहून आगरदांड्याकडे जाताना एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल आहे. नाव सांगत नाही. तिथल्या मुलांच्या वॉर्डात प्रांजली 'खेळताई' आहे. सुई टोचायच्या आधी ती मुलांना बिनसुईची सिरिंज खेळायला देते. बाहुलीला सलाईन लावायचं, अस्वलाला पट्टी बांधायची. हाताळून झालं की पोरं निम्मं भ्यायचं विसरतात.

त्या दुपारी वॉर्डात पूर्वी नावाची एकच मुलगी होती. काशीदची, सात वर्षांची. उकळती पेज सांडून पोटरी भाजलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. मांडीची कातडी काढून पोटरीला लावायची होती. तिची आई, तुळशी, डबा धुवायला गेली होती.

प्रांजलीने बाहुलीच्या तोंडावर भूल द्यायचा मास्क धरला.

"आता बाहुली फुंकर मारणार. एक... दोन... तीन. झोपली! आता तू झोपव तिला."

पूर्वीने मास्क घेतलाच नाही. ती खिडकीजवळच्या पाच नंबरच्या खाटेकडे बघत होती.

"काय गं?"

"ती म्हणते, न्हाय खेळायचं."

"कोण ती?"

"ती काय... तिथं बसलीय."

खाटेवर घडी घातलेली चादर होती. बाकी कुणी नाही.

मुलं असं बोलतात. प्रांजलीला सवय होती. तिने हसत विचारलं, "का नको म्हणते?"

पूर्वीने मान तिरकी केली. कुणीतरी अगदी हळू बोलत असल्यासारखा कान दिला...

"म्हणते, तू झोपवतेस. उठवत न्हायस."

प्रांजलीच्या हातातला मास्क खाली पडला.

दोन वर्षांपूर्वी त्याच खाटेवर आश्लेषा होती. नांदगावच्या सुपारीच्या वाडीवाल्यांची मुलगी, आठ वर्षांची. अपेंडिक्स फुटल्यावर आणलेली. फार उशीर झाला होता. ऑपरेशन थिएटरच्या दारात तिने प्रांजलीचं बोट घट्ट धरलं होतं.

"ताई, उठवशील ना मला?"

"हो गं. मी हाक मारीन, तू ओ दे."

जे आपल्या हातात नाही, ते मुलांना कबूल करायचं नाही. प्रांजली हे कटाक्षाने पाळायची. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून निघून गेलं.

आश्लेषा टेबलावरून उठली नाही.

हे बोलणं फक्त त्या दोघींत झालं होतं. प्रांजलीने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

ती खाटेकडे बघत राहिली. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याची घरघर येत नव्हती. रस्त्यावरच्या गाड्या... नाही. नारळाच्या झावळ्यांची सळसळ... तीही नाही.

आणि मग...

एक फुंकर.

लहान मुलीची. मास्कमधून येते तशी, घुमलेली.

मास्क तर तिच्या पायाशी पडला होता.

पूर्वीने भोकाड पसरलं. "मला न्हाय जायचं उद्या! आये!"

तुळशी धावत आली. पाठोपाठ सुचिता सिस्टर. वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी प्रांजलीला बाजूला घेतलं.

"हिला शांत कर बाई. आधीच जखमेत पू धरायला लागलाय. उद्याचं टळलं तर पाय हातचा जाईल."

प्रांजली पूर्वीजवळ जाऊन बसली.

"हे बघ पूर्वी, मी उठवीन असं म्हणणार नाही. ते डॉक्टरांचं काम. पण मी तुझ्या उशाशी बसेन, आणि तुला हाका मारत राहीन. तेवढंच मला जमतं."

पूर्वीने पाच नंबरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं...

मग वाकून मास्क उचलला आणि बाहुलीच्या तोंडावर धरला.

बुधवारी ऑपरेशन नीट झालं. पण थिएटरशेजारच्या खोलीत आणली तरी पूर्वी जागी होईना. अर्धा तास गेला. "होईल, होईल," डॉक्टर म्हणत होते. दुसऱ्यांदा मात्र ते घड्याळाकडे बघून म्हणाले.

"पूर्वी... ए पूर्वी..." प्रांजलीचा आवाज बसत चालला.

शेवटी पापण्या हलल्या.

"ती म्हणाली, तू जा. तुला बोलावतायत," पूर्वी पुटपुटली.

थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली.

"ताई... तिला कोणीच हाक न्हाय मारली."

प्रांजली तशीच उठली. वॉर्डात आली. भर दुपार, लख्ख ऊन. दोन वर्षांत तिने ते नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. पाच नंबरच्या खाटेसमोर उभं राहून तिने ते घेतलं.

"आश्लेषा... ऊठ बाळा."

काहीच नाही.

चादरीची घडीसुद्धा हलली नाही.

आणि मग...

"ओ!"

खाटेवरून नाही. तिच्या पाठीमागून. दारातून.

ती गर्रकन वळली. दारात औषधांचा ट्रे घेऊन सुचिता सिस्टर उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"प्रांजली, आत्ता माझ्या अंगाला घासून कोण पळालं गं?"

पूर्वी आज काशीदच्या वाळूत धावते. पायावर वण आहे, तेवढाच. पाच नंबरच्या खाटेवरही मुलं येतात, खेळतात, बरी होऊन जातात.

पण प्रांजली अजून धड झोपत नाही. "मी तिला उठवलं रे," ती मला म्हणाली. "उठलेली पोर कुठे जाणार? घरीच ना?"

आश्लेषाचे आईवडील ती गेल्यावर वर्षभरातच वाडी सोडून ठाण्याला राहायला गेलेत.

प्रांजली मागच्या महिन्यात नांदगावला जाऊन आली. वाडीतल्या घराला कुलूप होतं. ती फाटकाशी उभी राहिली. नाव अगदी ओठांवर आलं होतं...

तिने हाक मारली नाही.

"आतून ओ आली असती तर?"