बंकट गुरुजींचे अठ्ठेचाळीस आकडे

टाळ खुंटीला लावा, पोरांनो, आणि जवळ सरका. लाईट येईपर्यंत एक हकीकत सांगतो. ज्याच्यावर ती गुदरली तो वडवणीचा अजिनाथ, कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे त्याचे. एकादशीला याच मंडपात येऊन बसतो. खोटे बोलणारा माणूस नव्हे. म्हणजे, त्या रात्रीनंतर नव्हे.

गेल्या सालची कार्तिक वद्य त्रयोदशी. ऊसतोडीच्या टोळ्या केव्हाच कारखान्यांवर गेलेल्या, निम्मे गाव कुलपात. दिवसभर खेड्यापाड्यांतली कामे उरकून अजिनाथ दुकानाचे शटर ओढीत होता. पाठ भरून आली होती, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झाले होते. तेवढ्यात तेलगावच्या अलीकडच्या वस्तीवरून धुळाजी मेंढपाळाचा फोन आला. त्याचा धाकटा भाऊ बंकट, शाळेतला माळकरी गुरुजी, उसाच्या ट्रॅक्टरखाली मोटारसायकल जाऊन वारला होता. दुसऱ्या दिवशी तेरावे. गुरुजींचा लॅपटॉप बंद पडला होता आणि तो आजच उघडून हवा होता. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागते. तेवढेही उरले नव्हते, म्हणून अजिनाथ निघाला.

ओसरीत गुरुजींची बायको बबिता लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसली होती. तो सुरू होई, क्षणभर निळा पडे, आणि पुन्हा मिटे. अजिनाथने खालचे झाकण उघडले, रॅम काढून, पुसून परत बसवली. मिटणे थांबले. पण आता पडद्यावर एक चौकट आली. तिला अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी हवी होती.

"मोड की बे ते कुलूप," धुळाजी म्हणाला. "माझ्या मेंढरांना बी यवढी राखण न्हाई."

"दाराचं असतं तर मोडलं असतं, आबा. नव्या मशिनीत हे कुलूप आपोआप लागतं. ह्यानं आतलं समदं दळून ठिवलंय. त्या पिठाचा परत दाणा करायचा तर गुरुजींचेच आकडे पायजेत. ते त्यांच्या फोनात असणार."

फोनचा तर रस्त्यावरच चुरा झाला होता.

"भाऊ, आकडे-बिकडे मला कळत न्हाईत," बबिता म्हणाली. "पण मी जबान दिलीय."

मग तिने सांगितले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसून राहिला. धुळाजीने जमिनीचे वचन दिले, पुतणीच्या शिक्षणाचे दिले. ऊन डोक्यावर आले, तरी कावळा हलेना. गुरुजींनी दहा वर्षे वस्त्या पालथ्या घालून म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या या यंत्रात साठवल्या होत्या. त्यांतल्या कित्येक बाया आता मातीआड गेलेल्या. शेवटी बबिता पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "तुमच्या बायांच्या ओव्या मी पुसू देणार न्हाई. तेराव्याला समद्यांना ऐकवीन." कावळा उतरला.

"आता ते उघडलं न्हाई, तर मी त्यांना काय सांगू?"

"बघतो," एवढेच अजिनाथ म्हणाला.

रात्र चढली. धुळाजी वाड्याकडे मेंढरांत निजायला गेला. बबिता आतल्या खोलीत आडवी झाली. अजिनाथने माहीत होते ते सारे करून पाहिले, आणि आरंभापासून जे ठाऊक होते तेथेच येऊन थांबला. हे कुलूप उघडत नाही.

शीण फार झाला की माणसाचे सत्त्व आधी झोपी जाते, डोळे नंतर. त्याच्या मनात आले, सगळे पुसून टाकावे. नवी विंडोज भरावी. उघडले म्हणावे, पण आतले आधीच खराब झाले होते म्हणावे. या घरात कोणाला कळणार? बाईच्या मनाला तेवढीच सुटका, आणि आपल्याला घर.

त्याने पेन ड्राईव्ह लावला. पुसण्याच्या बटणापर्यंत आला. दाबले.

लॅपटॉप मिटला.

तापला असेल. थोडा वेळ थांबून त्याने पुन्हा सुरू केला. पुन्हा तेथवर आला. दाबले.

मिटला.

त्याने पेन ड्राईव्ह काढून खिशात टाकला. थंडी झोंबत होती. घोंगडी ओढून, दोन्ही हात काखेत घालून तो भिंतीला टेकला. सकाळी खरे सांगू, असेही त्याच्या मनात आले नाही. नुसते बसून राहावेसे वाटले.

लॅपटॉप सुरू झाला.

बटण कोणी दाबले नव्हते.

पडद्यावर तीच चौकट. रिकामी.

टक.

चौकटीत एक आकडा उमटला.

बाहेर मेंढरे गप्प होती... कुत्रेही.

टक.

दुसरा. मग बराच वेळ काही नाही. चष्मा पुसून कोणी पुढचा आकडा आठवावा, इतका वेळ.

टक...

आतल्या खोलीतून बबिताचा झोपाळू आवाज आला. "भाऊ, एका बोटानं कावून दाबताव? ...हे असंच दाबायचे."

अजिनाथचे दोन्ही हात घोंगडीत होते.

टक.

"भाऊ?"

टक.

आकडे भरत गेले. चौकट भरली. मग काहीच नाही... आणि मग एक कळ जरा जोराने, काम संपवल्यासारखी.

पडदा उजळला. जात्याची घरघर आली. तिच्यामागून एका म्हातारीचा चिरका, सुरेल आवाज. बबिता उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. ती खाली बसली आणि भिंतीला डोके टेकले. आकडे टिपून घ्यावेत, एवढेही अजिनाथला सुचले नाही. तो एकेक ओवी दुसऱ्या डिस्कवर उतरवीत राहिला. तेराव्याला साऱ्या वस्तीने त्या ऐकल्या.

पण ते नंतर. त्या पहाटे, फटफटताना, त्याने लॅपटॉप मिटायला हात लावला आणि थांबला. आकड्यांच्या कळांवर काळी, सुवासिक भुकटी होती. बुक्का. कळेकळेवर एकाच बोटाचा ठसा.

"वहिनी, सुतकात बुक्का कुणी काढला?"

"घरात कुठला बुक्का, भाऊ? ह्यांची डबी ह्यांच्यासंगंच चितेवर ठिवली."

ती पाहायला वाकली. सवयीने फुंकर मारणार होती. ओठ तसेच राहिले... तिने मारली नाही.